लेकीच्या गाडीमागे

रामावरचा माझा विश्वास तेव्हा पार उडाला होता, हे आधीच सांगून टाकते. अमेरिकेतल्या माझ्या एकुलत्या एक लेकीला कर्करोग झाल्याचं कळलं आणि त्या दिवसापासून मी देवघरात पाऊल टाकलं नाही. तिचं गाव लहान, बस नाही, रिक्षा नाही, आणि हॉस्पिटल तासाभराच्या वाटेवर. उपचार चालू असताना तिने गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. जावयाची नोकरी सुटली असती तर उपचारांचा विमाही सुटला असता, म्हणून त्याला सारख्या रजा घेता येईनात. माझ्या यजमानांचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं, त्यांना विमानप्रवासाची मनाई. उरले मी. "तुला त्या रस्त्यानं एकटीला जाऊ देणार नाही," असं मी तिला फोनवर सांगून बसले आणि फोन ठेवल्यावर मला घाम फुटला.

कारण गाडी मी चालवत आले ती नागपुरात. महालातल्या गल्ल्यांत, हॉर्नच्या भरवशावर. तिकडे सगळंच उलटं, रस्त्याची उजवी बाजू आपली आणि स्टिअरिंग डावीकडे. आरटीओत खेटे घालून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. लेकीने तिथल्या नियमांचं पुस्तक फोनवर पाठवलं, ते परीक्षा असल्यासारखं पाठ केलं. उजव्या हाताने गिअर टाकायची सवय व्हावी म्हणून जेवणाच्या टेबलाशी बसून मी वरणाच्या पातेल्यातली पळी पुढे-मागे करत असे. यजमान हसायचे. "काहून भिऊन राहिली वं? रामटेकच्या गडावर गाडी नेतेच ना तू!" म्हणायचे, आणि मग तोंड फिरवून डोळे पुसायचे. निघण्याआधी त्यांच्याच आग्रहाखातर रामटेकला रामाच्या देवळात गेलो. मी हात जोडले, पण मनात भांडणच होतं. पोरगी बरी कर, दुसरं काही नको, एवढंच म्हटलं आणि प्रसाद न घेता पायऱ्या उतरले.

तिकडे पोचले तर गाडीला गिअर टाकायची भानगडच नव्हती. पळीचा किस्सा ऐकून लेक पोट धरून हसली. डोक्यावर केस नव्हते, पण हसू तेच होतं. मी तिच्या गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवली, काचेला कुंकवाचं बोट लावलं आणि आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी पुढचा माणूस रेंगाळला म्हणून मी सवयीने हॉर्न वाजवला. "आई, हॉर्न काहून वाजवून राहिली वं? इथं हॉर्न म्हणजे शिवीच!" लेक ओरडली. चिटपाखरू नसलेल्या चौकातही थांबण्याची पाटी यायची. "कोणीच नाही, मग थांबायचं काहून?" मी विचारलं. "कोणी नसलं तरी थांबायचं," ती म्हणाली. किती वेळ थांबायचं ते मला उमगेना, म्हणून मी सवयीनेच एकदा 'राम' पुटपुटायचे आणि निघायचे. माझे ओठ हललेले तिने पाहिले. देवाधर्माच्या वाटेला कधी न गेलेली माझी पोर, पुढे पुढे पाटी दिसली की तीच आधी म्हणायची, "आई, राम." तिच्या लग्नानंतर आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो तेवढं त्या रस्त्यावर बोललो. परत येताना ती बहुतेक झोपलेली असायची आणि मी पाटीवर लिहिलेल्या वेगाने, जीव मुठीत धरून गाडी घरी आणायचे.

ती बरी झाली नाही. पानगळीच्या दिवसांत गेली. मी रामाला नाही नाही ते बोलले.

नागपुरात असते तर मी उंबऱ्याशीच थांबले असते. आमच्या घरात बायका स्मशानात जात नाहीत. माझ्या आईला पोचवायलाही मी गेले नव्हते. तिथे अडवणारं कोणी नव्हतं. जावई शववाहिकेत तिच्याजवळ बसला. त्याच्या मित्रांनी मला आपल्या गाडीत बोलावलं, पण मी म्हटलं, तिला आजवर मीच नेत आले. शववाहिकेमागे मी आणि माझ्यामागे मित्रांच्या गाड्या, असे निघालो. अंत्यविधीच्या माणसाने आधीच समजावलं होतं, की दिवे लावून एकामागे एक चला, पुढची गाडी सिग्नल ओलांडून गेली की मागच्यांनी लाल दिव्यालाही थांबायचं नाही, इथला तसा नियमच आहे. मी मान हलवली.

मोठ्या चौकात शववाहिका हिरव्या दिव्यावर निघून गेली आणि माझ्यासमोर दिवा लाल झाला. सगळं ठाऊक असूनही माझा पाय ब्रेकवर गेला. लाल म्हणजे थांबायचं, हे मी इतकं घोकलं होतं की पाय उठेचना. ती काळी गाडी लांब लांब जाऊ लागली. शेवटच्या वाटेवर मी तिला एकटी सोडली, एवढंच डोक्यात होतं. "रामा, माझ्यानं होत नाही, आता तूच पाहा," असं तोंडातून मोठ्याने निघून गेलं. मान वर केली तर आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा होता आणि एकही गाडी हलली नव्हती. ट्रक, मोटारी, एक शाळेची बस, सगळ्या उभ्या. सर्वांत पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला होता, एक म्हातारा माणूस. त्याने टोपी काढून छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने मला हळूच जायची खूण केली. पाय उचलला गेला. तो मी उचलला, असं मला आजही वाटत नाही. आरशात पाहिलं तर आमची शेवटची गाडी पार होईपर्यंत तो तसाच उभा होता.

तो राम होता असं मी म्हणत नाही. तिथली रीतच तशी, असं जावई म्हणाला, आणि ते खरंच असेल. मी मागितलं ते मला मिळालं नाही. मागायचं सुचलंही नव्हतं ते पदरात पडलं. आपले हातपाय गळाले की भार रामावर टाकावा, तो घेतो, एवढं मला त्या चौकात कळलं. त्यामुळे दुःख कमी झालं नाही. पण त्या माणसाची आठवण आली की हात आपोआप जोडले जातात.

त्या संध्याकाळी यजमानांना फोन लावला. नागपुरात पहाट झाली होती, ते जागेच होते. त्यांनी विचारलं, "एकटीच गेली का वं आपली पोरगी?"

"नाही जी," मी म्हटलं. "अख्खा चौक थांबला होता तिच्यासाठी. अन् मी मागंच होती."