शेवटची पिवळी गाडी

कुवेतमध्ये मुद्दाम लहान गाडी घेणाऱ्या माणसाचं डोकं फिरलंय, असंच लोकांना वाटतं. पेट्रोल पाण्याच्या भावात आणि रस्ते मैदानासारखे रुंद, मग डबीत बसून का जायचं? पण हवल्लीत आमच्या इमारतीखाली गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे लॉटरीच. माझी सव्वातीन मीटरची पिवळी गाडी दोन भल्यामोठ्या जीपगाड्यांच्या मधल्या फटीत सहज मावायची, आणि जीपवाल्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. मी तेवढ्यावर खूश असायचो.

त्या गाडीपायी झहूरभाईंशी ओळख झाली. त्यांच्याबद्दल लिहितोय, कारण मी त्यांना एक वाक्य बोललो आणि ते आता परत घेता येत नाही.

झहूरभाई रत्नागिरीकडचे. पंचविशीत कुवेतला आले आणि शुवैखमधल्या एका एजन्सीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक झाले. २००७ साली एजन्सीने युरोपातून ही गाडी आणली, तेव्हा शिकून यायला एक माणूस कारखान्यात पाठवायचा होता. बाकीचे मोठ्या गाड्या सोडायला तयार नव्हते, म्हणून झहूरभाईंना पाठवलं. पंधरा दिवसांच्या त्या वारीतली एक गोष्ट त्यांनी मला दहा वेळा तरी सांगितली असेल. गल्लीत एक म्हातारी भाजीच्या पिशव्या घेऊन ही गाडी लावत होती, पुढे वीतभर आणि मागे वीतभर जागा ठेवून. "तवा कळलं मला, ही कुनासाठी बनवलीय ते," ते म्हणायचे.

तिकडे गल्ल्या अरुंद, पेट्रोल महाग, घराला गॅरेज नाही. त्या हिशोबाने कुणीतरी डोकं लढवून गाडी काढली होती. आत पोलादी सांगाडा आणि त्यावर प्लास्टिकचे रंगीत पत्रे. घासलं, चेपलं तर स्क्रू काढून नवा पत्रा लावायचा. मागची सीट पुढेमागे सरकायची. इथे मात्र एजन्सीने दोनशे गाड्या आणल्या आणि शहरात जेमतेम साठ खपल्या. उरलेल्या खैरानच्या बंगल्यांवर गेल्या, श्रीमंतांच्या पोरांना दुकानापर्यंत फिरायला. शहरासाठी जन्मलेली गाडी समुद्राकाठी खेळणं होऊन राहिली. पुढे एजन्सीने आणणं थांबवलं आणि नंतर कंपनीने बनवणंच. माझी गाडी अशीच खैरानहून आलेली, जुनी.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. या गाडीचं गिऱ्हाईक शिल्लक असेल तोवर तिचा एक मेकॅनिक ठेवायचा, असं एजन्सीने ठरवलं होतं. झहूरभाई साठीच्या पुढे गेलेले, पदवी नाही, व्हिसाची हमी घेणारा दुसरा मालक, कफील, मिळणं कठीण. त्यांची नोकरी गेली की इकामा, इथे राहायचा परवाना, जाणार, आणि त्यावर असलेला त्यांच्या बायकोचा, फखरुन्निसाभाभींचा, आणि हुस्नाचाही. हुस्ना त्यांची उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. इथल्याच शाळेत बारावीला होती आणि फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा होती. त्यांना तेवढे चार महिने काढायचे होते. एकेक करत सगळ्या गाड्या भंगारात गेल्या होत्या. उरली होती फक्त माझी.

नोव्हेंबरात गाडीचं दफ्तर, तिचं नोंदणीपत्र, नूतनीकरणाला आलं. त्याआधी सरकारी तपासणी, म्हणजे फहस. मी नेहमीप्रमाणे गाडी झहूरभाईंकडे नेली. अंतरा, माझी सातवीतली मुलगी, मागे बसून मोबाइलवर काहीतरी बघत होती.

त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली आणि मागच्या दाराखालचा पत्रा काढला. बाहेरून गाडी नव्यासारखी चमकत होती. आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, रोज सकाळी बादलीभर पाणी मारून ती धुवायचा, याचा मला कोण अभिमान! तेच पाणी इतकी वर्षं पत्र्याच्या आत जात होतं आणि खैरानच्या खाऱ्या हवेने सुरू केलेलं काम पुढे नेत होतं. झहूरभाईंनी स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो पोलादात बिस्किटात जावा तसा आत गेला.

ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. मला वाटलं, हिशोब करताहेत. खरंच करत होते, पण माझ्या गाडीचा नाही.

"मोरेश्वरभाई, ही आता चालवू नका."

"पत्रा लावून टाका ना पुन्हा. फहसवाले पत्र्याच्या आत थोडेच बघतात?"

"नाय बघनार. पास व्हईल." त्यांनी अंतराकडे बघितलं. "पोरगी मागं बसते ना? तिची सीट याच्यावरच हाय."

"पप्पा, कॅन वी गो?" अंतरा म्हणाली.

माझं डोकं तापलं. नवी गाडी म्हणजे नवी डोकेदुखी, शिवाय ती मावणार कुठे? मी म्हणालो, "झहूरभाई, तुम्हाला कामाचा कंटाळा आलाय. चार महिने ढकला म्हणतोय फक्त. यात तुमच्या हुस्नाचं काय जातंय?"

त्यांनी हात पुसले. मग रजिस्टर काढलं, "रस्त्यावर चालवण्यालायक नाही" असं लिहून सही केली आणि मला टॅक्सी बोलावून दिली. अंतरासाठी टॅक्सीचं दार त्यांनीच उघडलं. मी आभारसुद्धा मानले नाहीत.

जानेवारीत भंगाराचा कागद घ्यायला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुकेशने सगळं सांगितलं. डिसेंबरअखेर झहूरभाईंना मोकळं केलं होतं. तिघंही गावी गेली होती. लाज वाटणं म्हणजे काय, ते मला पन्नाशीत कळलं.

फोन करायला मला आणखी महिना लागला.

"मोरेश्वरभाई! नवी गाडी कंची घेतलीत?" मी नाव सांगितलं. "मोठी हाय. झाक केलंत. हारिसला सांगा, रोज पानी मारू नको."

"हुस्नाच्या परीक्षेचं काय झालं?"

"केंद्र बदलून नाय मिललं. बसंल पुढच्या साली."

"झहूरभाई, त्या दिवशी मी जे बोललो..."

"कवा?" ते म्हणाले. "मला तर काय आठवत नाय."

त्यांच्या मागून एका मुलीचा आवाज येत होता. हुस्ना काहीतरी मोठ्याने पाठ करत होती. इथे कुवेतमध्ये त्या सकाळी तिच्या वर्गाचा पहिला पेपर सुरू झाला होता.