सपाट केलेली खोली

आमच्या भागातल्या फरशीवाल्याला सगळे 'बुडबुडा' म्हणतात. जमीन सपाट आहे का ते दाखवणाऱ्या पाणसळीच्या काचेतला बुडबुडा अगदी मधोमध आल्याशिवाय हा माणूस पुढच्या कामाला हात लावत नाही, म्हणून. त्याची बायको सांगते, "पहिल्यांदा भेटलो तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, नुसते खाली बघत होते. मला वाटलं, किती लाजाळू! तर म्हणाले, या खोलीचा कोपरा बसलाय."

गिऱ्हाइकं त्याच्याशी हुज्जत घालतात. "अहो, वरून नवं झाकलं की आतलं कोण बघतंय?"

"आज नाही बघणार. दोन वर्षांनी लाकडी पट्ट्या कुरकुरायला लागल्या की मला शिव्या घालाल. त्यापेक्षा आत्ताच घाला, मी समोर आहे." असं म्हणून तो जुनी जमीन घासायला बसतो.

त्याच्या स्वतःच्या घराला मात्र वीस वर्षं मुहूर्त लागत नव्हता. सगळ्यात वाईट अवस्था वडिलांच्या खोलीची. दाराशी उंचवटा, मध्ये पसरट खळगा, गॅलरीकडे उतार. वडिलांची नजर काचबिंदूनं अकरा वर्षांपूर्वी गेली. तरी म्हातारा एकटा शेगडीपर्यंत जाई, चहा करी, कप घेऊन गॅलरीत जाऊन बसे. थेंब सांडत नसे. येणारे-जाणारे तोंडात बोट घालत. हे कसं जमतं, ते कुणी विचारलं नाही.

एकदा थोरली बहीण आली आणि त्या उंचवट्याला ठेचकाळली. "वा रे मिस्त्री! जगाची घरं आरशासारखी आणि बापाच्या खोलीत डोंगरदऱ्या! उद्या पडले म्हणजे?"

हे त्याच्या वर्मी लागलं. वडिलांना दहा दिवस बहिणीकडे पाठवायचं ठरलं. निघताना ते एवढंच म्हणाले, "नव्या पट्ट्या टाकतोयस ना? टाक, तुझी हौस."

मग बुडबुड्यानं जीव ओतला. दाराचा उंचवटा यंत्रानं घासून काढला. भुवयासुद्धा सिमेंटच्या झाल्या. खळगा भरला, उतार मोडला. वर पातळ मिश्रण ओतलं आणि ते पुरतं वाळेपर्यंत बायकोलाही आत पाऊल टाकू दिलं नाही. मग लाकडी पट्ट्या बसवल्या. पाणसळ कुठंही ठेवा, बुडबुडा मधोमध. आयुष्यातलं सगळ्यात चोख काम.

वडील परत आले. चपला काढून आत शिरले, चार पावलं गेले आणि थांबले. उजवा पाय पुढे करून चाचपडला, मागे घेतला. पुन्हा चाचपडला.

"आपण कुणाकडे आलोय रे?"

"आपल्याच घरी, बाबा. तुमची खोली."

"मग उंचवटा कुठाय? त्याच्यापासून डावीकडे दोन पावलं, की शेगडी. खळगा लागला की पलंग. पाय उताराला लागला की गॅलरी." ते आणखी एक पाऊल गेले आणि भिंतीला थडकले.

"बाबा, आधी सांगायचं तरी!"

"मला वाटलं, वरून पट्ट्या टाकशील. खालचं तसंच राहील. बाकीचे मिस्त्री तसंच करतात ना?"

कामात हात आखडता घेतला असता तर बापाची वाट शाबूत राहिली असती. हे बुडबुड्याला तिथल्या तिथे कळलं.

त्यानं उपाय करून पाहिले. पायाला लागावी म्हणून शेगडीच्या दिशेनं जमिनीवर सुंभाची दोरी चिकटवली. बोटं अडकून वडील पडता पडता वाचले. मग ती काढून टाकली. "आता नवं पाठ करायचं वय नाही रे," ते म्हणाले, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. चहा सून आणून देते. गॅलरीत जायचं का, असं विचारलं तर म्हणतात, "ऊन फार असेल."

मुलाला मात्र त्यांनी शब्दानं दुखावलं नाही. परवा मी गेलो होतो, तर मला म्हणाले, "खोली बघितलीत? माझ्या मुलाचं काम आहे. असं काम कुणाकडे नसेल."

आणि मग मोरीत जायचं होतं, म्हणून त्यांनी हवेत हात पुढे केला. मी उठायच्या आत बुडबुड्यानं तो धरला होता.