पाठ कुणीकडे?

आमचं कावेलीन बेट एवढंसं आहे, की या टोकाला बटाटे तळले तर त्या टोकाला कुत्री जागी होतात. इथे कुणाला बोलवायचं तर घसा पुरतो. पण एदुविना नावेलकीन हिची हाक चार बेटांपलीकडे जाते, आणि ती ऐकली की म्हातारे खलाशीही टोपी काढतात. तिची गोष्ट मी सांगणार नाही तर कोण सांगणार? तिच्या थोरल्या लेकीला बाप्तिस्म्याच्या दिवशी मी हातावर धरलंय. तेव्हापासून तिचा नवरा नोल्बेर्तो माझा कोम्पाद्रे आणि ती माझी कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावंडांहून घट्ट असतं.

एदुविना चौथीपर्यंत शिकली. उंचीने बेताची, खांद्याने रुंद. गळ्यात तिने स्वतः विणलेली लोकरीची पिशवी, आणि पिशवीत वायरलेस. फोन आमच्याकडे फक्त टेकडीच्या माथ्यावर लागतो, तोही वाऱ्याची मर्जी असेल तर. म्हणून प्रत्येक घराच्या खिडकीत एक वायरलेस आणि प्रत्येक बोटीत एक. बायका त्यावर मिठाचं प्रमाण विचारतात, पुरुष माशांबद्दल थापा मारतात.

अकरा वर्षांपूर्वी एदुविना बटाटे काढत होती. वायरलेस छातीवर, आणि त्यात समुद्रावरून नोल्बेर्तो बोलतोय. तो बोलायचा थांबत नाही, हे चारही बेटांना ठाऊक आहे. समुद्राकडे तोंड करून सरी धरली की त्याचा आवाज स्वच्छ. सरी संपवून ती उलटी वळली की आवाजात खरखर. तिने बॅटरी बदलली. तरी तेच. तिसऱ्या सरीला ती मधेच उभी राहिली आणि जागच्या जागी गोल फिरू लागली. शेजारणीला वाटलं, बाईला ऊन लागलं.

पण तिला कळलं होतं. आड दुसरं कुणी येत नव्हतं, तीच येत होती. माणसाच्या अंगाने उन्हाची सावली पडते, तशी आवाजाचीही पडते. वायरलेस छातीशी धरून बोटीकडे पाठ केली, की आवाज आपल्या अंगात अडकतो आणि यंत्राला तोकडा मिळतो. यंत्राच्या बारक्या खिडकीत पाच रेघा असतात. पाठ नेमकी लागली की त्यांच्या दोन होतात. आणि खरी गंमत पुढेच आहे. स्वच्छ आवाज अर्ध्या आभाळभर पसरलेला असतो, त्यावरून दिशा ठरवायची म्हणजे पुरणात मीठ शोधायचं. खरखर मात्र बोटाएवढी बारीक. जिथे आवाज सर्वांत जास्त बुडतो, तिथे तुमची पाठ सांगते, बोट इकडे आहे.

त्या दिवसापासून तिने सगळ्यांचा पिच्छा पुरवला. वायरलेसवर एखादी बोट बोलली की लगेच हिचा प्रश्न, "बायांनो, पाठ कुणीकडे?"

"नवऱ्याची पाठ विचार की! आमच्या पाठीला काय सोनं लागलंय?"

"तुझ्या पाठीला पीठ लागलंय, मला माहिताय. सांग, कुणीकडे?"

मग कुणी म्हणायची, पाठ सफरचंदाच्या झाडाकडे. कुणी म्हणायची, डुकरांच्या खोपटाच्या डाव्या कोपऱ्याकडे. एदुविनाने चारही बेटांवर लाकडी घरं ओंडक्यांवरून दुसऱ्या जागी ओढायला, बटाटे काढायला, छपरं घालायला जन्मभर हात लावलेला. प्रत्येकीचं अंगण तिला तळहातासारखं पाठ. घरी मेजावर जुना सागरी नकाशा. प्रत्येक घराच्या जागी खिळा, खिळ्याला लोकरीचा धागा. जी कुठे आहे हे आधीच माहीत आहे अशा बोटीवर ती धागा ताणून बघायची, चुकला की पुन्हा ताणायची. अकरा वर्षं. आम्ही हसायचो. मीही हसलोय, लपवत नाही.

आता त्या मार्चच्या सकाळकडे येतो.

नोल्बेर्तो पहाटे शिंपले काढायला गेला. त्याच्या बोटीचं नाव 'पोर्फियादा', म्हणजे हट्टी, आणि दोघंही नावाला जागणारी. दहाच्या सुमारास धुकं उतरलं. असं धुकं, की हातातला कप दिसे पण त्यातला चहा दिसेना. मी एदुविनाच्या चुलीपाशी बसलो होतो. वायरलेस बोलला.

"एदुविना, ऐक, इंजिन बसलं. सकाळीच मला वाटलेलं, तो आवाज जरा वेगळाच—"

"कुठं आहेस?"

"धुक्यात. नांगराचा दोर तळाला पुरत नाही. तर तो आवाज कसा, जसं म्हातारं मेंढरू—"

"बॅटरी किती?"

"एक रेघ."

एदुविनाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. ओहोटी एकपर्यंत होती. आमच्या खाडीतली ओहोटी सगळं काही आखाताच्या तोंडाकडे ओढून नेते, आणि तिथे सात खडक उभे आहेत. आम्ही त्यांना मावश्या म्हणतो, कारण एकदा त्यांच्या दारी गेलेल्याला त्या लवकर सोडत नाहीत. बंदरातली लाँच धुक्यात निघू शकत नव्हती, आणि निघाली असती तरी दोन तासांचा पल्ला.

"नोल्बेर्तो," एदुविना म्हणाली, "एकतीस वर्षं तू बोलतोयस आणि मी ऐकतेय. आज तोंड मिटायचं. मी 'दाब' म्हटलं की बटण दाबायचं, दहा मोजायचे, सोडायचं. एक अक्षर नाही."

"मोजायचं ते मोठ्यानं?"

"मनात!"

मी उठून टोपी घातली. "कोमाद्रे, मी निघतो."

"कुठं निघतोस?"

"समुद्रात."

"समुद्र मोठाय, कोम्पाद्रे. बस खाली, मी सांगेन कुठल्या समुद्रात."

तिने दोघांना हाका घातल्या. पूर्वेच्या केतेन बेटावर तिची बहीण आउदिलिया, जी एका श्वासात विणते आणि भांडते. दक्षिणेच्या लिंकाय बेटावर सोफानोरकाका, वय सत्त्याहत्तर, चाळीस वर्षं बोटीचे कप्तान, अर्ध्या खाडीला पोहायला शिकवलेला माणूस. बाकी सगळ्यांना तिने सांगितलं, वाहिनीवर कुणी शिंकायचंसुद्धा नाही.

"दाब," ती म्हणाली, आणि अंगणात जाऊन फिरू लागली. सावकाश, जशी कोंबडी अंड्यावर बसण्याआधी फिरते. वायरलेसमधून शब्द नाही, फक्त नोल्बेर्तोचं श्वास घेणं. मग तेही बुडालं. ती थबकली. तिने टाचेने मातीत रेघ मारली, आत आली, आणि लाल धागा ताणला.

"आउदिलिया, पाठ?"

"धुराड्याकडं तोंड, सफरचंदाच्या झाडाकडं पाठ. पण झाडाच्या जरा उजवीकडं, जिथं तुझ्या मेव्हण्यानं फांदी मोडली ना, गाढवानं—"

"पुरे."

पिवळा धागा ताणला. दोन्ही धागे एकमेकांना भेटले खरे, पण कात्रीची पाती जवळजवळ मिटलेली असावीत तसे. अर्धा कोस दोघे अंगाला अंग लावून चालत होते. त्यात नोल्बेर्तो कुठेही असू शकत होता.

"सोफानोरकाका, पाठ?"

मग, "पाठ... गोठ्याकडं."

एदुविनाने करडा धागा ताणला. तो समुद्राकडे गेलाच नाही. लिंकायच्या टेकडीवर चढला.

"काका, तुमच्या हिशेबानं माझा नवरा तुमच्या टेकडीवर मेंढ्या चारतोय."

"तुझं यंत्र चुकतंय, पोरी."

"दाब," ती नोल्बेर्तोला म्हणाली. "काका, पुन्हा."

पुन्हा गोठाच. भिंतीवरचं घड्याळ टकटकत होतं. साडेअकरा. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आलो. एदुविना मात्र नकाशावर वाकून करड्या धाग्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूच बदलला.

आता हे आमच्याकडचंच दुखणं आहे, दुसरीकडे कुणाला व्हायचं नाही. आमच्या बेटांवर बोट बाहेर असताना कुणी समुद्राला पाठ दाखवत नाही; दाखवली तर बोट परत येत नाही, म्हणतात. जेवताना नाही, भांडताना नाही. म्हातारी माणसं तर पाणी भरायला जातानाही तिरकी चालतात. बायकांनी अकरा वर्षांत हसत हसत ते मोडलं, कारण तेव्हा बोटी डोळ्यांसमोर असायच्या. पण आज धुकं होतं आणि माणूस आत होता.

"काका," एदुविना अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही फिरला नाहीत. खांद्यापर्यंत वळलात आणि थांबलात. नुसती मान फिरवलीत."

तिने करड्या धाग्यावर बोट ठेवलं.

"काका, धागा खोटं बोलत नाही."

"ज्या दिवशी माझा धाकटा भाऊ समुद्रात बुडाला," सोफानोरकाका म्हणाले, "त्या दिवशी मी बटाटे काढत होतो. पाठ पाण्याकडं. पंचावन्न वर्षं झाली. तेव्हापासून मी समुद्राकडं पाठ केलेली नाही. झोपतोसुद्धा खिडकीकडं तोंड करून."

मला वाटलं, आता संपलं. माणसाला बोटीतून उतरवता येतं, अशा गोष्टीतून कसं उतरवणार? एदुविनाने बटण दाबलं.

"काका, आज पाठच बघणार आहे. डोळ्यांना धुक्यात काय दिसतंय? तुमची पाठ चाळीस वर्षं बोटी हाकत आलीय. तिला बघू द्या."

आणि नोल्बेर्तोला, "दाब."

दहा आकडे किती लांब असतात, ते मला त्या दिवशी कळलं. मग सोफानोरकाकांचा आवाज आला, जरा घोगरा, पण आज्ञा देणाऱ्या कप्तानाचा.

"तोंड घंटेच्या खांबाकडं. पाठ माझ्या जुन्या बोटीच्या नाळेकडं, पुढल्या टोकाकडं. दोन रेघा. शपथेवर सांगतो, दोनच."

करडा धागा सुतासारखा सरळ निघाला आणि लाल-पिवळ्याला आडवा छेदून गेला. मध्ये उरला त्रिकोण, अंगठ्याच्या नखाएवढा. मावश्यांपासून पाव कोसावर.

"या समुद्रात," एदुविना म्हणाली. तिने मला होकायंत्राचा आकडा सांगितला, आणि मी धावलो. त्या वयात मी धावलो!

धुक्यात बोट हाकणं म्हणजे लोकरीच्या पोत्यात शिरणं. आकडा धरून मी वीस मिनिटं गेलो. मग माझ्या वायरलेसवर एदुविनाचं "दाब" आणि मागोमाग नोल्बेर्तोचा श्वास. मी गोल फिरलो. पाच रेघा. पाठ फिरवली, पाच. कुठेही पाचच!

"कोमाद्रे, सावली पडतच नाही!"

"म्हणजे जवळ पोचलास! उन्हाच्या तोंडात शिरलास तर सावली कुठली? अँटेना काढ. उपाशी ठेव त्याला, मग बघ कसा दिशा सांगतो."

मी अँटेना पिळून काढली. रेघा खाली आल्या. फिरलो. खरखर, खरखर, आणि मग बुडाला आवाज. पाठीमागे! सुकाणू हातात धरून, तोंड घराकडे आणि पाठ नोल्बेर्तोकडे, असा मी उलटा बसून बोट चालवत निघालो. कुणी पाहिलं असतं तर आयुष्यभर टोपणनाव पडलं असतं. दुरून मावश्यांवर फुटणारं पाणी ऐकू यायला लागलं होतं. घाईत अँटेना खिशात घातली ती खिशात गेलीच नाही. पाण्यात पडल्याचा टुबुक् आवाज मात्र मी ऐकला.

मग श्वास थांबला. नोल्बेर्तोची रेघ संपली होती. आता त्याच्याकडे काही नाही, आणि माझं यंत्र अँटेनाशिवाय घरापर्यंत पोचेना. मी, धुकं आणि मावश्या. शेवटी पाठीने सांगितलेली दिशा तेवढी शिल्लक. तीच धरून मी मोजू लागलो. शंभर. दोनशे. मावश्यांचा फेस नाकाला लागला. इंजिन बंद केलं आणि कान दिला.

आणि ऐकू आलं.

"...तर म्हातारं मेंढरू खोकतं ना, तसा तो आवाज. मी म्हटलं, नोल्बेर्तो, हे काही बरं नाही. पण तू कुणाचं ऐकतोस? तू तर..."

तो स्वतःशीच बोलत होता! बायकोने यंत्रावर गप्प बसवलं, तर धुक्याला ऐकवत होता. मी ओरडलो, तो ओरडला, माझ्या बोटीची नाळ 'पोर्फियादा'च्या कुशीत आदळली, आणि मी दोर फेकला. त्याचे हात शिंपल्यांनी कापलेले. तो म्हणाला, "कोम्पाद्रे, तू उलटा का बसलायस?"

परत येताना तो बोलत होता आणि मी एकदाही 'पुरे' म्हटलं नाही. दर दोन मिनिटांनी मी माझं मुकं यंत्र बटण दाबून त्याच्या तोंडाशी नेत होतो. धुकं विरळलं तेव्हा किनारा दिसला. सगळं बेट पाण्याकडे डोळे लावून उभं, आणि मधोमध एकटी एदुविना, समुद्राला पाठ करून, वायरलेस छातीशी घट्ट धरून. म्हाताऱ्या बाया छातीवर क्रूस काढत होत्या. तासभर ती तशीच उभी होती, असं नंतर कळलं.

आमचा आवाज तिच्या यंत्रात पोचला तो आधी नुसता चुरा. "...मेंढरू..." एवढाच शब्द. तिचे खांदे खाली आले. ती अर्धी वळली, आवाज मोकळा झाला. परत पाठ केली, आवाज बुडाला. तेव्हा कुठे खात्री पटून ती पुरती वळली, आणि आम्ही तिथेच होतो.

नोल्बेर्तो गुडघाभर पाण्यातून धावत तिच्याकडे गेला. तिने एका हाताने त्याची ओली कॉलर मुठीत धरली आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

"सोफानोरकाका, ऐकताय? सापडला. आलाय."

"ऐकतोय."

"कुठं आहात?"

"तू ठेवलंस तिथंच. घंटेच्या खांबाकडं तोंड. कुणी वळ म्हटलं नाही मला."

एदुविना हसली की रडली, ते मी सांगू शकत नाही. यंत्रात दोन्ही सारखंच ऐकू येतं. "वळा, काका. आता वळा."

बराच वेळ लागला. सत्त्याहत्तर वर्षांचे गुडघे आहेत.

"वळलो," काका म्हणाले. "चांगलं ऊन पडलंय की, पोरी."