नापास करणारी परीक्षा

स्वतःच्या यशाचे पेढे मी आयुष्यात एकदाच वाटले. ते यश पोस्टानं आलं होतं, आणि पेढे वाटून झाल्यावर ते खोटं निघालं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही साताऱ्यात राहत होतो. माझं वय त्रेचाळीस आणि अक्कल त्याच्या निम्मी. शाळेत खो-खो खेळलेली होते, रोज पहाटे अजिंक्यतारा चढत होते, आणि गल्लीतल्या चार बायकांना शाळेच्या हॉलमध्ये हातपाय हलवायला शिकवत होते. तेवढ्यावर मला वाटायचं, या गावाला निरोगी ठेवण्याची जबाबदारी देवानं माझ्यावरच टाकली आहे. त्याच सुमाराला पोवई नाक्याजवळ एका तरुणानं जिम काढली आणि सकाळची वेळ बायकांसाठी राखून ठेवायचं ठरवलं. तो मला म्हणाला, "काकू, तुम्हीच घ्या की बॅच. फक्त एखादं सर्टिफिकेट असलं तर बरं दिसंल."

'काकू' हा शब्द मला लागला. सर्टिफिकेट हा शब्द त्याहून जास्त लागला.

वर्तमानपत्रात एक जाहिरात होती. घरबसल्या पर्सनल ट्रेनर व्हा, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवा. मी पैसे पाठवले. झेरॉक्स केलेलं एक पुस्तक आलं आणि त्याच्याबरोबर प्रश्नपत्रिकाही आली. पुस्तक उघडं ठेवून उत्तरांपुढे खुणा करायच्या आणि पोस्टात टाकायच्या. मी अशा थाटात अभ्यास केला की घरात कुणी मोठ्यानं शिंकलं तरी डोळे वटारायची. महिन्याभरात प्रमाणपत्र आलं. सोनेरी पृथ्वीचा गोळा, खाली तीन सह्या, आणि प्रथम श्रेणी! मी किलोभर कंदी पेढे आणले आणि गल्ली पालथी घातली.

शेजारच्या बाई कन्याशाळेत शिकवायच्या. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "परीक्षा कुठं झाली?"

"घरीच."

"पर्यवेक्षक कोण होतं?"

मी विचार केला. त्या दिवशी घरात फक्त सासूबाई होत्या आणि त्या गवार निवडत होत्या. तसं मी सांगितलं.

बाई म्हणाल्या, "पेढा छान आहे हो. माझा गुडघा मात्र आहे तसाच राहू दे."

रात्री झोप लागेना. बाईंचा राग आला होता, पण त्याहून जास्त राग याचा आला की त्यांचं बरोबर होतं. आमचे हे हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांना म्हटलं, "ही परीक्षा खरी का खोटी, कसं ओळखायचं?"

ते कुशीवर वळत म्हणाले, "ज्याला काहीच येत नाही असा विद्यार्थी बसवून बघ. तोही पास झाला तर परीक्षेत खोट."

झोपेत बोलले बिचारे. त्यांना काय माहीत की मी त्यांच्याच आईला बसवणार आहे.

माझ्या सासूबाई पाटणकडच्या. वय सत्तरीच्या पुढं, सहीपुरतं लिहिता यायचं, आणि गुडघे असे की खाली बसल्या तर उठवायला दोघं लागायची. मी भिशीचे पैसे घालून त्यांच्या नावानं फॉर्म भरला. प्रश्नपत्रिका आल्यावर त्यांच्यापुढं ठेवली.

"हे काय गं?"

"आत्याबाई, परीक्षा आहे. पर्सनल ट्रेनरची."

"म्हंजी काय?"

"एका माणसाला समोर उभं करून त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचा. त्याचे तो पैसे देतो."

"पैसं दिऊन घाम गाळतोय?" त्या हसता हसता खोकल्या. "आमच्याकडं धाड की त्याला. जात्यावर बसवतो."

मी एकेक प्रश्न वाचायची, त्या मिश्रीचं बोट कागदावर टेकवायच्या, आणि बोट जिथं पडेल तिथं मी खूण करायची. दोन ठिकाणी बोट प्रश्नावरच पडलं. तिथं मी माझ्या मनानं चुकीचं उत्तर निवडलं.

निकाल आला. सासूबाई विशेष प्रावीण्यात! माझ्या वर!

घरात हसून हसून मुरकुंडी वळली. सगळ्यांत कमी हसले ती मी. सासूबाईंनी मात्र ती पदवी मनावर घेतली. मी केर काढायला वाकले की खाटेवरून हुकूम यायचा, "कंबरंतनं न्हाई, गुडघ्यातनं वाक. मी पास हाय."

निकालाच्या दुसऱ्या दिवशी जिमवाल्याकडे गेले. त्यानं तोवर पत्रकं छापून ठेवली होती. माझ्या नावापुढं 'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रधारक'. मी म्हटलं, "हे खोडा."

"का वो काकू?"

"हे प्रमाणपत्र माझ्या सासूबाईंनाही मिळालंय."

"मग दोघींचं लावू की भिंतीला! साताऱ्यात कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. खरी परीक्षा देईन, मग बॅच घेईन."

त्यानं डोकं खाजवलं. "दिवाळीपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं न्हाई जमायचं. पुण्याची एक पोरगी तयार हाय."

म्हणजे दिवाळीपर्यंत खरं काहीतरी मिळवायचं, नाहीतर पुण्याची पोरगी. त्या न पाहिलेल्या पोरीचा मी इतका द्वेष केला की अजिंक्यतारा चढताना दम लागेनासा झाला.

कुणीतरी सांगितलं की सांगलीला एक बाई असा वर्ग घेतात. मूळच्या फिजिओथेरपिस्ट, मिरजेच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढलेल्या. रविवारी वर्ग, शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक. पण एकदा तोंड पोळलं होतं. मी आधी चौकशीला गेले. वर्गाच्या खाली चहाची टपरी होती, तिथं एक पोरगी नाक लाल करून बसलेली. मी बाकावर सरकून विचारलं, "वर्ग कसा आहे गं?"

"जाऊ नका," ती फणकारली. "बाई न्हाई, राक्षस हाय. दुसऱ्यांदा नापास केलं मला. का, तर म्हणं, मी समोरच्या बाईच्या तोंडाकडं बघतच न्हाई, नुसती आकडं मोजती."

मी चहा संपवला आणि वर जाऊन नाव घातलं.

बाई पन्नाशीच्या होत्या. सुती साडी, आखूड केस, आवाज खालचा. मी सासूबाईंचं प्रमाणपत्र पिशवीतून काढून त्यांच्यापुढं ठेवलं आणि सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत.

"तिथं इतकं सोपं मिळतंय, तर इथं कशाला आलात?"

"म्हणूनच आले."

त्यांनी कागद परत दिला. "एक ऐकून ठेवा. माझ्या प्रमाणपत्रावरही सरकारी शिक्का नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, एका बाईनं शिकवलं आणि त्याच बाईनं तपासलं. चालणार असेल तर बसा."

स्वतःच्या मालाची उणीव स्वतः सांगणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता. मी बसले.

मग सुरू झाले माझे रविवार. पहाटेची एसटी, कऱ्हाडच्या स्टँडवर चहा, मांडीवर वही, आणि तोंडानं स्नायूंची नावं. शेजारच्या प्रवाशांना वाटायचं बाई जप करतेय. एका आजोबांनी तर विचारलं, "कुठला मंत्र म्हनायचा हा?" घरी आल्यावर सराव ह्यांच्या पाठीवर. आंघोळ करून आले की मी त्यांना बनियन घालू द्यायची नाही. खडूनं खुणा करायच्या आणि दाबून बघायचं.

सासूबाई ओरडायच्या, "आगं, लेकरू गारठलं माझं! म्हशीच्या बाजारात आल्यागत काय चाचपतीस?"

हे म्हणायचे, "आई, गप्प बस. किंमत चांगली येईल."

घरातली सगळी हसण्यावारी न्यायची, पण मी सोडलं नाही. इंग्रजी शब्द डोक्यात शिरत नव्हते, म्हणून ते स्वयंपाकघरात डब्यांवर चिकटवले. तुरीच्या डाळीवर मांडीचे स्नायू, पोह्यांवर खांद्याचे. आजही पोह्यांचा डबा उघडताना माझा खांदा आपोआप ताठ होतो. आपण किती बावळट आहोत हे मला त्या तीन-चार महिन्यांत कळत गेलं. माझ्या हॉलमधल्या बायकांना मी वर्षभर उताणं झोपवून दोन्ही पाय एकदम उचलायला लावत होते, आणि त्यांची कंबर दुखली की म्हणायची, 'दुखतंय म्हणजे लागू पडतंय.' बाईंनी ते ऐकलं तेव्हा त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. साताऱ्याला परतल्यावर मी त्या चौघींच्या घरी जाऊन तो व्यायाम बंद करायला सांगितलं. एकीनं दारातच म्हटलं, "आम्ही कवाच बंद केलाय. तुमची पाठ फिरली की नुसतं पडून राहायचो."

लेखी परीक्षा झकास गेली. दसरा उलटून गेला होता. प्रात्यक्षिक पुढच्या आठवड्यात होतं, आणि मी कॅलेंडर पाहिलं तर त्या दिवशी नेमकी संकष्टी! मला तो शुभसंकेत वाटला. मी नवस बोलले. साधी संकष्टी नव्हे. चंद्रोदयापर्यंत पाणीसुद्धा नाही, आणि पास झाले की सांगलीच्या गणपतीला एकवीस नारळ.

पहाटेची गाडी, तीन-चार तासांचे धक्के, पोटात काही नाही. समोर एक कॉलेजची मुलगी दिली. मी तिला सगळं व्यवस्थित विचारलं. आधी कधी काही दुखलंय का, औषध चालू आहे का, सकाळी काय खाल्लं. ती म्हणाली, "पोहे." मी खूश. तिला बाकावर उताणी झोपवली, छातीवरून वजनाची दांडी उचलायला सांगितली आणि तिच्या डोक्यामागं आधाराला उभी राहिले, हात दांडीखाली. दोनदा दांडी वर गेली. तिसऱ्यांदा ती वर गेली आणि माझ्या डोळ्यांपुढं काळं आलं. मुलीचा हात थरथरला. मला तो दिसत होता, पण माझे हात जणू दुसऱ्याच कुणाचे होते. दांडी धरली ती बाईंनी. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या, मला कळलंच नाही.

मला भिंतीशी बसवलं.

"सकाळपासून काय खाल्लंय?"

"संकष्टी आहे."

"पाणी?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी टेबलावरून माझा पेपर उचलला. "उपाशीपोटी व्यायाम का करू नये, यावर तुम्ही दीड पान लिहिलंय. पूर्ण गुण दिलेत मी. अक्षरही सुरेख आहे." मग पेपर खाली ठेवला. "प्रात्यक्षिकात नापास."

मी रडकुंडीला आले. "बाई, दिवाळी तोंडावर आलीय. ती बॅच दुसरीला जाईल."

"जाऊ दे. ही मुलगी माझी पुतणी आहे. तिच्या छातीवर ते वजन पडलं असतं, तर मी तिच्या आईला काय सांगितलं असतं? तुमची संकष्टी होती म्हणून?"

परतीच्या गाडीत पहिल्यांदा गणपतीवर रागावले. कऱ्हाड येईपर्यंत बाईंवर. मग रागवायला दुसरं कुणी उरलंच नाही.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी चंद्राची वाट न बघता मला भाकरी वाढली. जिमवाल्याला तोंड दाखवायला गेले. तो म्हणाला, "काकू, जुनं सर्टिफिकेट हाय की. कशाला जीव काढताय?"

"दिवाळीनंतर परत प्रात्यक्षिक आहे. तेवढं थांबा. नाही थांबलात तरी मी ते देणारच आहे."

तो का थांबला कुणास ठाऊक. मला वाटतं, पुण्याच्या पोरीनं जास्त पगार मागितला असावा. पण मी अजून सगळ्यांना सांगते की माझ्या निश्चयापुढं तो नमला.

दुसऱ्या वेळी बाईंनी मला दांडीपाशी जवळजवळ अर्धा तास उभं केलं आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "जमतंय." प्रमाणपत्र साधं होतं, पांढऱ्या कागदावर टाईप केलेलं. पेढे आणले नाहीत.

बॅचचा पहिला दिवस गुरुवारी आला. अकरा बायका. मी प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारत गेले. एक चाळिशीची, जाडजूड, हौसेनं नवा पंजाबी ड्रेस शिवून आलेली. कडक गुरुवारचा उपास, चहासुद्धा नाही. तिला म्हटलं, "आज बसून बघा. उद्या खाऊन या." तिचा चेहरा पडला. ती बसलीसुद्धा नाही, पिशवी उचलून निघून गेली. जिमवाला दारातून हळूच म्हणाला, "पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक परत पाठवलं? झालं आपलं."

मी उरलेल्यांचा व्यायाम पुरा करून घेतला, पण लक्ष सगळं त्या रिकाम्या जागेकडं. रात्रभर वाटत राहिलं, गेली ती. आता गावभर सांगेल.

शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन दारात उभी होती. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "एक भाकरी आणि दूध. खाऊन आलीय. काल लय राग आला तुमचा. घरी गेले, चुलीपुढं बसले, तवा ध्यानात आलं, लग्नाला वीस वर्सं झाली, सकाळच्या पारी काय खाल्लंस म्हणून मला कुणी इचारलंच न्हाई. आता रोज इचारा. एक दिवस जरी इसरलात, तर फी माघारी घीन."