भिंगरीच्या ओळखी

माझ्या भाचीच्या पायाला भिंगरी आहे, म्हणून आम्ही तिला भिंगरीच म्हणतो. जेवताना ती उभी, फोनवर बोलताना चालत, आणि माझ्या शिलाईच्या दुकानात आली की बटणांचे डबे उगाच उघडत-झाकत. मी दिवसभर एका स्टुलावर बसून लोकांच्या पँटी आखूड करणारी बाई. हिच्याकडे नुसतं बघूनच मला दम लागतो.

दोन वर्षांपूर्वी ती शिकायला म्हणून माझ्याकडे राहायला आली. काय शिकायला, तर शहराचं आणि आजूबाजूच्या प्रदेशाचं नियोजन. माझी ताई, म्हणजे तिची आई, सगळ्यांना सांगत सुटली की पोरगी घरं बांधायला शिकतेय. भिंगरीने तिला परोपरीने समजावलं, "घरं नाही गं आई. घरं कुठे असावीत, रस्ता कुठून जावा, शाळा कुठे, सांडपाणी कुठे, मोकळी जागा किती, हे आधी ठरवायचं." ताई म्हणाली, "म्हणजे बांधणार काहीच नाही?" ताईच्या नवऱ्याचं टाइल्सचं दुकान आहे आणि तिथल्या गल्ल्यावर घरचं माणूस हवंच होतं. शिक्षण संपताच नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मुकाट्याने येऊन गल्ल्यावर बसायचं, असं कबूल करून घेऊनच तिने पोरीला पाठवलं. ते "नाहीतर" भिंगरीच्या मानगुटीवर पहिल्या दिवसापासून बसलं होतं. तिला ते दुकान नको होतं. तिला नकाशे हवे होते.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या सरांनी वर्गात सांगितलं, म्हणे, गुण सगळेच मिळवतात, पण या क्षेत्रात तुम्हाला ओळखणारी माणसं हवीत, तेव्हा आतापासून ओळखी करा. भिंगरी घरी आली ती चेहरा पाडूनच. वर्गातल्या अर्ध्या मुलांचा कुणी ना कुणी त्या धंद्यात होता, कुणाचा काका, कुणाचा मामा. हिच्या वाट्याला मी. मी फार तर एखाद्या साहेबाच्या कोटाचं अस्तर ओळखते.

मग तिने लोकांच्या मागे असा ससेमिरा लावला की विचारू नका. कुठे व्याख्यान असलं, चर्चासत्र असलं, की ही पहिल्या रांगेत. ते संपलं की चहाच्या टेबलापाशी घुटमळायचं आणि पाहुण्याने बिस्किट तोंडात टाकलं रे टाकलं की त्याला गाठायचं, कारण तेव्हा त्याला नाही म्हणता येत नाही. "मावशी, आज वाहतूकवाल्या साहेबांशी बोलले. माझ्या धक्क्याने त्यांच्या शर्टावर चहा सांडला, पण आता ते मला विसरणार नाहीत." माझ्या ट्रायल रूममध्ये आरसा आहे. त्याच्यासमोर ती स्वतःची ओळख करून द्यायची तालीम करायची. नमस्कार, मी अमुक वर्षाला आहे, मला जमीनवापरात रस आहे, वगैरे. आणि बाहेर एखादे गृहस्थ टाचण्या लावलेली पँट घालून ताटकळत उभे. त्यांना बसायचीही सोय नाही.

सुरुवातीला सगळं उलटंच झालं. तिने एकदा पाच-पन्नास लोकांना एकच मजकूर पाठवला, मला आपल्या हाताखाली काम करायला आवडेल म्हणून. दोनच उत्तरं आली. एकाने लिहिलं, जागा नाही. दुसऱ्याने लिहिलं, मी केव्हाच निवृत्त झालो, पण आठवण काढलीत, बरं वाटलं. त्या दिवशी ती रडली आणि रडतानाही फेऱ्या मारत होती. शेवटी त्यांच्याच कॉलेजातून आधी बाहेर पडलेल्या एका दादाने तिला कानमंत्र दिला. काम मागू नकोस, कामाबद्दल विचार. नोकरी द्यायला माणूस कचरतो, स्वतःच्या कामाबद्दल बोलायला कधीच नाही. आणि त्याने सांगितलेलं काही करून पाहिलंस, तर तेवढं त्याला मागाहून कळव.

हे मात्र तिला बरोबर जमलं. त्यातूनच तिला मॅडम भेटल्या. मॅडम नगररचना कार्यालयात वरच्या हुद्द्यावर, शहराचा नवा आराखडा त्यांच्याच देखरेखीखाली तयार होत होता. भिंगरीने त्यांच्याकडे थोडा वेळ मागितला. त्या म्हणाल्या, "बसून बोलायला मला वेळ नाही. चालत बोलशील?" आंधळ्याला डोळे मिळावेत तसं झालं हिला. मॅडम पाहणीला निघाल्या की ही त्यांच्याबरोबर नाल्याच्या काठाने, बस डेपोच्या मागून, बाजाराच्या गर्दीतून. लोक फूटपाथ सोडून रस्त्यावर का उतरतात, मुलं शाळेत कुठल्या आडवाटेने जातात, हे घरी येऊन मला हातवारे करून सांगायची. मला त्यातलं निम्मं कळायचं, पण तिचा चेहरा बघायला आवडायचं.

परीक्षा तोंडावर आली आणि मॅडमच्या हाताखाली सहायकाची एक जागा निघाली, आमच्याच भागाच्या कामासाठी. अर्ज पुष्कळ होते, पण मॅडमचा कल भिंगरीकडे होता. "मावशी, अजून नक्की नाही हं, कुणाला सांगू नकोस," असं म्हणत तिने घराला शंभर प्रदक्षिणा घातल्या. मीही त्या आनंदात एका पँटीची झिप उलटी लावून ठेवली.

आणि त्याच सुमारास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. आमच्या गल्लीचा रस्ता रुंद होणार होता. नव्या रस्त्याची रेघ कोपऱ्यावरच्या माझ्या दुकानातून जात होती. मशिनं ठेवायची जागा जाणार आणि मागची ट्रायल रूम तेवढी राहणार. म्हणजे लोक कपडे घालून बघायला येतील, पण ते शिवायला मी बसू कुठे?

शेजारचा चावीवाला त्याच दिवशी येऊन उभा राहिला. त्याचंही दुकान रेघेत होतं. "टेलरबाई, तुमची भाची त्या ऑफिसात ऊठबस करते ना? टाकायला सांगा की एक शब्द. रेघच ती, जरा तिकडे सरकवायची."

मला ते पटलं. का नाही पटणार? भिंगरी घरात पाऊल टाकते न टाकते तोच मी विषय काढला.

"मावशी, ती ओळख तसल्या कामाची नाही."

"मग कसल्या कामाची? नोकरी मागायला चालते, मावशीचं दुकान वाचवायला चालत नाही?"

"मी नोकरी मागितलेली नाही. मी काम शिकले, ते त्यांनी पाहिलं. तू हरकत लिहून दे. सगळ्यांना तो हक्क आहे. सुनावणी होते, तिथे ऐकून घेतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दोन वर्षं माझ्या घरात राहून परक्यांच्या पाया पडलीस, आणि माझ्या वेळेला तुला हक्क आठवतात!" मी हे बोलले. ती चपला घालून बाहेर गेली.

मी फुरंगटून बसले होते, पण ती गल्लीत काय करत होती ते दुकानाच्या काचेतून दिसत होतं. दोन वर्षं शहरभरच्या साहेबांची नावं पाठ करणाऱ्या या मुलीला आमच्या गल्लीतलं काळं कुत्रं ओळखत नव्हतं. आता ती दारोदार फिरायला लागली. चावीवाला, न्हावी, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई, सायकली दुरुस्त करणारे आजोबा. प्रत्येकाला त्याच्या कामाबद्दल विचारायची. किती गिऱ्हाइकं पायी येतात, माल कुठे उतरवता, जागा गेली तर कुठे जाल. समोरच्या बाजूला एका बंद गोदामाची लांबच लांब भिंत आहे. रस्ता त्या बाजूने रुंद केला तर कुणाचंच पोट मारलं जात नाही, हे सगळ्यांच्या बोलण्यात येत होतंच. तिने त्यांना म्हटलं, मग हे तिथे येऊन सांगा. हरकत प्रत्येकाने आपापली लिहिली. मीही दिली, तोंड वाकडं करूनच.

पण माझा जीव टांगणीलाच होता. लिहिल्या कागदाने कधी कुणाचं काही झालंय का? एका सकाळी मी दुकानाला कुलूप घातलं, चांगली साडी नेसले आणि भिंगरीला न सांगता थेट मॅडमच्या ऑफिसात गेले. तीच शब्द टाकत नसेल तर मी टाकते.

मॅडम म्हणजे बारीकशा, पिकल्या केसांच्या बाई. मी म्हटलं, मी भिंगरीची मावशी. त्यांनी मला खुर्ची दिली.

"ती सांगून गेली मला तुमच्याबद्दल."

"काय सांगून गेली?"

"की कोपऱ्यावरचं दुकान तिच्या मावशीचं आहे, ती तुमच्याकडेच राहते आणि तुम्ही हरकत घेताय. म्हणून त्या जागेसाठी तिचा विचार करू नका. नियम तसाच आहे. ज्याच्या घरच्यांची हरकत आमच्यासमोर आहे, त्याला त्या कामावर घेता येत नाही. बहुतेक जण लपवतात. हिने आपणहून सांगितलं."

शब्द टाकायला आले होते, ते सगळं विसरलेच. "मी हरकत मागे घेतली तर?"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तर तिला घ्यायला मला अडचण नाही. पण असं करा, असं मी सांगणार नाही. सुनावणी शुक्रवारी आहे. त्यानंतर मला ती जागा भरावीच लागेल."

घरी येऊन मी भिंगरीला धारेवर धरलं. "तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

"तू ऑफिसात गेली होतीस? मावशी!"

"गेले होते. आणि आता हरकत मागे घेणार आहे."

"खबरदार!" ती माझ्यावर पहिल्यांदाच ओरडली. "तुझं दुकान पाडून होणाऱ्या रस्त्याची फाइल मी रोज उघडून बसू?"

"मग टाइल्सच्या गल्ल्यावर बसशील?"

"बसेन!"

"दुकान माझं आहे, मी काहीही करेन!"

"आणि नोकरी माझी होती, मीही काहीही करेन!"

त्यानंतर आम्ही एकमेकींशी फक्त मीठ आणि पाणी मागण्यापुरतं बोललो. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. माझं काय, एखाद्या बोळात मशिन टाकून बसेन. या पोरीने जिवाचा आटापिटा करून मिळवलेलं माझ्यापायी जायला नको. ती आता मला कितीही शिव्या देवो.

शुक्रवारी सभागृहात पुकारा झाला आणि मी उठले. समोर मॅडम आणि आणखी दोन अधिकारी. मागे घेते, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. सहज मागे वळून पाहिलं, तर आमची अख्खी गल्ली बसली होती. न्हाव्याने दुकान बंद ठेवलं होतं. नर्सबाई ड्युटीवरून तशाच आल्या होत्या. सायकलवाल्या आजोबांनी कधी नव्हे ते हात घासून धुतले होते. चावीवाला पुटपुटत आपलं बोलणं घोकत होता. आणि या सगळ्यांच्या मधोमध भिंगरी, कुणाचं तरी तान्हं पोर कडेवर घेऊन, मला डोळ्यांनी दटावत. ही सगळी माणसं कामधंदा टाकून तिच्या शब्दावर आली होती. कोपरा माझा. मीच ऐन वेळी मागे सरले तर आतल्या दुकानांचं कोण ऐकणार? आणि मग या गल्लीत तिच्या शब्दाला काय किंमत राहणार? मॅडमच्या हाताखालची नोकरी गेली तर गेली, पण ही किंमत तिला पुन्हा कुठून मिळाली असती?

"बोला," मॅडम म्हणाल्या.

"माझी हरकत कायम आहे," मी म्हटलं, आणि गोदामाच्या भिंतीबद्दल जे जे ठाऊक होतं ते सगळं सांगितलं.

निकाल तिथल्या तिथे देत नाहीत. जागा पाहून ठरवू, असं त्यांनी लिहून घेतलं. जिन्यात मॅडम भेटल्या तेव्हा भिंगरीला म्हणाल्या, "सहायक म्हणून दुसऱ्या मुलाला घेतोय. सोमवारपासून." भिंगरी म्हणाली, "हो मॅडम." ती खाली उतरली, आणि कोपऱ्यावर वळल्यावर मात्र तिला रडू आवरेना. मी तिचा हात धरून तशीच चालत राहिले. मला त्या मॅडमचा राग आला, नियमाचा आला, रस्त्याचा आला, आणि कुणाचीच चूक नव्हती याचा सगळ्यात जास्त आला.

संध्याकाळी ताईचा फोन. भिंगरी उचलायला धावली, पण मी तिच्या हातातून तो ओढून घेतला.

"काय गं, लागली का नोकरी? एवढ्या ओळखी करत होती ना?"

"नाही लागली," मी म्हटलं. "लागत होती, माझ्यामुळे गेली. कशी ते भेटल्यावर सांगेन. दुसरी लागेपर्यंत ती माझ्याकडे राहील, आणि गल्ल्यावर बसायला तुम्ही दुसरा माणूस बघा."

"अगं, पण तुझं स्वतःचंच दुकान राहतंय की जातंय..."

"गेलं तर दोघी मिळून नवीन जागा शोधू. तिला जागाच शोधायला शिकवलंय ना तिथे?"

ताई पुढे काहीतरी बोलत होती. मी फोन ठेवून दिला. भिंगरी दाराला टेकून माझ्याकडे बघत होती, नाक लाल, डोळे सुजलेले.

"बघतेस काय," मी म्हटलं, "जेवून घे. उद्या कुणाला गाठायचंय?"