पिशवीतलं सगळं वापरायचं

धुकं इतकं दाट होतं की धक्क्याच्या पायरीवर उभं राहिलं तरी खालची बोट दिसत नव्हती, नुसतं तिचं पाण्यावर चुळबुळणं ऐकू येत होतं. घासणी बादली घेऊन अंदाजानेच आत उतरली. अंदाज तरी कसला, सव्वीस वर्षांची सवय. आधी डावा पाय, मग बादली, मग उजवा.

घासणी हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात नवऱ्याने चारचौघांत मारलेली ती हाक. धक्क्यावरच्यांनी ती अलगद झेलली, आणि आता तिचं खरं नाव आठवायचं तर रेशनचं कार्ड काढावं लागेल. नवऱ्यालाही धक्क्यावर नाव होतं, कमांडर. जहाजावरच्या कुणा अधिकाऱ्याची सोनेरी पट्टीची टोपी एकदा बोटीत विसरून राहिली आणि ती जी याच्या डोक्यावर चढली ती उतरलीच नाही. फरक एवढाच, की त्याचं नाव त्याच्या माघारी घेत, तिचं तोंडावर.

दोघांचा धंदा मोटरबोटी भाड्याने देण्याचा. मोठी प्रवासी जहाजं बंदरात थांबली की त्यातली माणसं दिवसभरासाठी खाली उतरत. कुणी बाजारात जाई, कुणी टेकडीवर. ज्यांच्यासोबत पोरंबाळं असत त्यांना वाटे, आपली आपण एक छोटी बोट घ्यावी, सगळ्या घराने मिळून कुठेतरी जाऊन डुंबून यावं. असल्या लहान इंजिनाला परवाना लागत नाही. कमांडर दहा मिनिटांत चालवायला शिकवी. इंजिनाची लाल दोरी मनगटाला अडकवायची, म्हणजे माणूस पडला तर इंजिन बंद. माणसाचं पुढे काय ते माणसाने बघायचं, हा त्याचा ठरलेला विनोद. बाकी सगळं घासणीचं. तळातलं खारं पाणी उपसायचं, शेवाळ खरवडायचं, गाद्यांच्या खोळी धुवायच्या, छताची फाटलेली ताडपत्री शिवायची.

त्या दिवशी मात्र ती घासत होती ते स्वतःसाठी. आसनाखालच्या ज्या कोपऱ्यात एरवी ब्रश जात नाही, तिथे तिने जुना दातांचा ब्रश घातला. कड्या राख लावून उजळल्या. गादीला कालच धुतलेली खोळ घातली. तोंडाने काहीतरी गुणगुणतही होती, आणि ते ऐकून शेजारच्या फळीवर दुसऱ्या बोटीचं इंजिन उकलून बसलेला मिस्त्री म्हणाला, "वहिनी, आज बोटीचं लग्न आहे का?"

"बोटीचं नाही, माझं माहेरपण आहे," ती म्हणाली.

माहेरपण उलटं होतं. आईच लेकीकडे निघाली होती. तिच्या एकुलत्या एक पोरीने दोन वर्षांपूर्वी पेट्रोल भरणाऱ्या पोराशी लग्न केलं आणि कमांडरने तिच्या नावाने पाणी सोडलं. पोरगी पलीकडच्या किनाऱ्यावर राहायला गेली. पाण्याने गेलं तर चाळीस मिनिटं. रस्त्याने गेलं तर डोंगराला वळसा घालून अख्खा दिवस, आणि परतीची गाडी नाही. तीन महिन्यांपूर्वी तिला मुलगा झाला. घासणीने नातू पाहिला तो मिस्त्रीच्या फोनवर, बोटाच्या पेराएवढा. आणि आता जावयाला लांब कुठल्याशा कारखान्यात काम लागलं होतं. उद्या सकाळच्या गाडीने बिऱ्हाड हलणार होतं. तिथून ते वर्षा-दोन वर्षांनी येतील, नाहीतर येणारही नाहीत.

आठ दिवस ती नवऱ्याच्या मागे लागली होती. रडून झालं, न जेवून झालं. शेवटी एकदा तो ताटावरून उठता उठता म्हणाला होता, "शुक्रवारी जहाज नाही. सोडीन तुला. मी उतरणार नाही, बोटीतच बसेन." एवढं तिला पुष्कळ होतं. मिस्त्रीच्या फोनवरून तिने लेकीला कळवलं. लेक म्हणाली, मी बाळाला घेऊन पाण्यापाशीच उभी राहते. छत लांबून ओळखू येईलच. येणारच होतं. नारिंगी ताडपत्रीला मध्यावर निळं ठिगळ होतं, आणि ते पोरीच्याच शाळेतल्या स्कर्टचं होतं. तिनेच बारा वर्षांची असताना टाके घातले होते, वाकडेतिकडे.

न्यायचं सामान थोडंच होतं. जुन्या मऊ चादरीचं, चार पदरी शिवलेलं दुपटं. दोन टोपड्या. खाऊचा डबा. आता हे न्यायला घरात धड पिशवी नव्हती. होत्या त्या धंद्याच्या पिवळ्या पिशव्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक द्यायची: आत टॉवेल, शिट्टी, मलमपट्टी, पाण्याची बाटली. त्यातली एक नवी कोरी तिने घेतली, सामान भरलं आणि बोटीत सुकाणूजवळच्या हुकाला अडकवली. पिवळी पिशवी त्याच हुकाला अडकवतात. दुसरीकडे अडकवायचं तिच्या हाताला माहीतच नव्हतं.

धुक्यात एकदा भोंगा वाजला. जाड, लांबलचक. ती ब्रश थांबवून ऐकत राहिली.

"कसला हो भोंगा?" तिने वर विचारलं.

"मासळीवाल्यांचा असेल," कमांडर पायरीवरून म्हणाला. "तू घास. मागची बाजूही घे."

मागची बाजूही झाली. ती घरी जाऊन अंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून आली आणि छताखाली बसली. सव्वीस वर्षांत त्या गादीवर ती प्रथमच बसत होती. गुडघे जुळवून, हात मांडीवर, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखी. कमांडर म्हणाला, बस, मी पेट्रोलचा कॅन घेऊन येतो. तो गेला. ऊन चढलं तसं धुकं पाण्यावरून गोळा होत वर गेलं, आणि त्यामागून पांढरी भिंत निघाली. खिडक्याच खिडक्या. समोर, बंदराच्या तोंडाशी, जहाज उभं होतं.

तिला कळलं नाही असं नाही. पण कळायला थोडा उशीर करावा असं तिने ठरवलं असावं, कारण ती हलली नाही.

फळ्यांवर पावलं वाजली. पुढे टोपी घातलेला कमांडर, मागे पाच माणसांचं कुटुंब: गोरागोमटा बाप, त्याची बायको, त्याची म्हातारी आई आणि दोन मुली. बाप विचारत होता, पाच तासांत जाऊन येणं होईल ना? कमांडर सांगत होता, पलीकडचा किनारा बघा, वारा लागत नाही, वाळू मऊ आहे, पोरींना छान. तो सगळ्यांनाच तिथे पाठवायचा. आजही तेच तोंडून गेलं, अडखळलंसुद्धा नाही.

म्हातारीने छताखाली पाहिलं. "ही बाई पण येणार का आपल्याबरोबर?"

"छे, ती कशाला," कमांडर म्हणाला. "गादी वाळली का बघायला बसली होती. ऊठ गं."

ती उठली. उजवा पाय आधी टाकला, त्यामुळे बोट कलली आणि मुली खिदळल्या. म्हातारी तिच्या जागेवर बसली आणि म्हणाली, गादी चांगली ऊबदार आहे.

मग रोजचं सुरू झालं. कमांडर बापाला लाल दोरी दाखवत होता. लाइफ जॅकेटं बांधून देणं आणि सामान सांगणं हे घासणीचं काम. मुलींच्या हनुवटीखालचे पट्टे आवळताना तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. तोंड मात्र आपोआप चालू होतं, इतक्या वर्षांचं पाठ: उभं राहायचं नाही, कडेला बसायचं नाही, तहान लागली तर बाटली आहे, आणि ही पिवळी पिशवी, पिशवीतलं सगळं वापरायचं, तुमचंच समजा.

तिनेच सांगितलं. हुकाकडे बोटही केलं.

बोट धक्क्यापासून शंभर हात गेली तेव्हा तिला आठवलं, हुकाला आहे ती आपली पिशवी. ती फळीच्या टोकापर्यंत धावली, ओरडली. बापाने मागे वळून हात हलवला. बायकोनेही हलवला. इंजिनाच्या आवाजात आणखी काय करणार?

"आता का पळतेस?" कमांडर म्हणाला.

तिने सांगितलं. तो हसला नाही, पण तोंड फिरवलं.

"मग पिशवी तिथे कुणी अडकवली?"

बोलला तो मिस्त्री. तो तसा भला माणूस, पण भल्या माणसांना कधी काय बोलू नये ते कळत नाही. वहिनी, तुम्हाला वाटलं तरी कसं आज जाणं होईल, तो हात पुसत म्हणाला. पुढच्या बंदरात समुद्र खवळलाय म्हणून जहाज इकडे वळवलं, जहाजाच्या एजंटचा फोन तर कालच संध्याकाळी आला होता. माझ्यासमोर आला की.

ती नवऱ्याकडे पाहत राहिली. त्याने टोपी काढून आतला घाम पुसला आणि परत घातली.

"काल माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर एवढी चकचकीत घासली असतीस का?"

त्याने हे चिडून म्हटलं नाही. धंद्यातलं एखादं साधं गणित समजावून सांगावं तसं म्हटलं, आणि मिस्त्रीकडे पाहिलं, की बघ, खोटं आहे का? मिस्त्रीने इंजिनात डोकं घातलं.

मिस्त्रीच्याच फोनवरून तिने लेकीला तीनदा फोन लावला. वाजत राहिला. घराला कुलूप लावून, बाळाला घेऊन, ती केव्हाची पाण्यापाशी जाऊन उभी असणार. फोन बांधाबांधीत कुठल्यातरी गाठोड्यात असणार.

घासणीने ठेवणीतले कपडे बदलले नाहीत. त्याच कपड्यांत तिने दुसऱ्या बोटीचं पाणी उपसलं.

कुटुंब साडेचार तासांनी परतलं, लाल झालेलं आणि खूष. बायको उतरता उतरताच बोलायला लागली. फारच सुंदर जागा, तुम्ही नशीबवान, तुम्ही तर रोजच जात असाल. आणि तो खाऊ काय चविष्ट होता, गिऱ्हाइकाला घरचा खाऊ द्यायची ही पद्धत आम्हाला फार आवडली. मुलींनी डबा चाटूनपुसून ठेवला. आईंना जाताना मळमळलं, उलटी सगळी अंगावर झाली, पण बरं झालं, ते जाड फडकं होतं पिशवीत. त्या छोट्या टोप्या मात्र कशासाठी ते कळलं नाही. मुलींनी त्या शंखांना घातल्या. एक वाऱ्याने गेली, सॉरी हं.

"तिथे कुणी होतं का?" घासणीने विचारलं.

"कुठे? किनाऱ्यावर?" बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "हो, ती एक होती नाही का? बाळ घेऊन उभी होती बिचारी उन्हात. आम्ही लांब होतो तेव्हापासून हात हलवत होती. पाण्यात शिरली गुडघ्यापर्यंत, बाळाला वर धरून. मुलींना गंमत वाटली, त्यांनीही हात हलवले. मग आम्ही जवळ गेलो तशी थांबलीच. नुसती छताकडे बघत राहिली, मग आमच्याकडे. काहीतरी विचारत होती."

"काय?"

"इंजिनात ऐकू कुठे येतंय," बाप म्हणाला. "मला वाटलं काहीतरी विकायला आली असेल. एकदा बोलायला थांबलं की सोडत नाहीत ही माणसं. मी बोट पुढे नेली, खडकापलीकडे. तरी बराच वेळ तिथेच होती."

"बाळ कसं होतं?"

बायको जराशी गोंधळली. बाळासारखं बाळ, ती म्हणाली. मग आठवून म्हणाली, डोक्यावर काही नव्हतं हो त्याच्या, एवढं ऊन.

जहाजाचा भोंगा वाजला आणि ती सगळी लगबगीने निघाली. म्हातारी तेवढी जाता जाता घासणीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, बाई, बोट मात्र आरशासारखी ठेवलीस. कमांडर म्हणाला, ठेवते ती.

घासणीने त्याला विचारून पाहिलं. पेट्रोल आहे, उजेड दोन तास आहे. तो म्हणाला, वारा सुटलाय. वारा खरंच सुटला होता. तो खोटं बोलत नव्हता, हे तिला आणखी अवघड गेलं.

मिस्त्रीचा फोन वाजला तेव्हा तो सामान गोळा करत होता. त्याने नाव पाहिलं आणि फोन तिच्याकडे दिला.

"आई, बोट आली होती," लेक म्हणाली. "मला वाटलं तू छताखाली आत बसलीयस म्हणून दिसत नाहीस. त्यांना विचारलं मी, माझी आई कुठंय म्हणून."

"जहाज आलं गं."

पलीकडे बाळ कुरकुरत होतं. पोरगी याच घरात वाढलेली, तिला जास्त सांगावं लागत नव्हतं.

"बाबांनी मुद्दाम केलं?"

पाच हातांवर कमांडर दोरांची वेटोळी घालत होता. त्याचे हात थांबले. मिस्त्रीनेही वर पाहिलं.

"नाही गं," घासणी म्हणाली. "त्यांना तरी कुठे ठाऊक होतं. धुक्यात दिसलंच नाही."

कमांडरचे हात पुन्हा सुरू झाले. लेक म्हणाली, सकाळी सातची गाडी आहे, फोन लागला नाही तर घाबरू नकोस. बाळाला ऊन लागलंय थोडं, झोपत नाहीये. घासणी म्हणाली, डोक्याला ओलं फडकं ठेव. आणखी एकदा म्हणाली, ओलं फडकं ठेव. मग फोन पुसून तिने मिस्त्रीला परत दिला.

बोटीच्या तळाशी ते दुपटं पडलं होतं, घाणीने चिकटलेलं, वर पोरींच्या पायांची वाळू. कमांडर म्हणाला, टाकून दे. तिने टाकलं नाही. गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवलं, साबण लावला, दगडावर आपटलं, पिळलं आणि गाद्यांच्या खोळींशेजारी तारेवर टाकून चिमटे लावले. तिथेच पडलेल्या एका शंखावर टोपडं अडकलेलं होतं. ते काढून तिने तेही धुतलं.

"उद्या शनिवार, आठलाच जहाज आहे," कमांडर पायरीवरून म्हणाला. "म्हातारीने आसनाखालीसुद्धा घाण केलीय बघ."

घासणीने ठेवणीतल्या कपड्यांचा घोळ वर खोचला. डावा पाय आधी, मग बादली, मग उजवा. गुडघ्यांवर बसून ती आसनाखाली वाकली आणि तो जुना दातांचा ब्रश कुठे ठेवला ते चाचपू लागली.