मिस्पाची टेकडी

"खुणेचा दगड दाखव, मंग बोल!" कोणी काहीही सांगू लागलं की आमचे शेजारचे काका एक डोळा मिटून, हवेत बोट रोखून असं म्हणायचे. सारा जन्म जमीन मोजणी खात्यात गेला त्यांचा. तुम्ही वर्ध्याजवळ नालवाडीत आमच्या गल्लीत राहत असता, तर तुमच्या कुंपणाचा वाकडेपणाही त्यांनी एव्हाना काढला असता. माझ्या कुंपणाचा तर दोनदा काढला.

त्यांची एकुलती एक मुलगी म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या कामावर इस्राएलला गेली आणि काकांचं चित्त उडालं. घरात दुसरं कोणी नाही. तिकडे सायरन वाजतात, लोक तळघरात पळतात, हे टीव्हीवर रोज दिसत होतं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, काळजी नका करू. खिडकीतून एक टेकडी दिसते. इथली आजी म्हणते, ते बायबलातलं मिस्पा हाय."

झालं! काका माझ्या दारात. "मास्तर, मिस्पा मंजे काय? अन् हाय कुठी?"

मास्तरला कोणी विचारावं आणि त्याने गप्प बसावं? वाचून सांगितलं. मिस्पा म्हणजे पहाऱ्याची जागा. "मंजे आपला वावरातला जागलीचा माळा!" काका म्हणाले. जुनी गोष्टही सांगितली. एका बापाच्या मुली जावयासोबत दूर निघाल्या, तिथे दगडांची रास रचली गेली आणि बाप म्हणाला, आपण एकमेकांच्या नजरेआड असू तेव्हा देव मधे पहारा ठेवो. काका म्हणाले, "बापच होता ना तो."

इथे मी थांबायला हवं होतं. पण जित्याची खोड! म्हटलं, "गोष्टीतलं मिस्पा तिथल्या नदीपलीकडचं. अलीकडे, तुमच्या मुलीच्या बाजूला, आणखी एक होतं, पण ते नेमकं कुठे यावर एकमत नाही. कोणी उत्तरेची टेकडी म्हणतं, कोणी दक्षिणेची."

काकांचा चेहरा उतरला. "एका गावाच्या दोन जागा? मंग माही पोरगी कोणत्या टेकडीखाली हाय?"

तेव्हापासून रोज सकाळी नकाशा आणि सुतळी. हल्ल्याच्या बातमीत एखादं गाव आलं की दोन्ही टेकड्यांपासून सुतळी ताणायची. अंतर वर्धा ते जाम गावापेक्षा जास्त निघालं तर चहा घ्यायचा. कमी निघालं तर कप तसाच निवायचा. मला माझ्याच जिभेचा राग यायचा.

मग चार दिवस फोनच आला नाही. लावावा तर लागेना. काका एसटीने गिरडला गेले, तिथल्या टेकडीवरच्या दर्ग्यात चादर चढवली आणि येताना टेकडीखालचे गोल दगड पिशवीत भरून आणले. फाटकाशी रास रचली आणि शेजारी खुर्ची टाकून बसले.

मी ओरडलोच, "काका, उन्हात काय बसलाय! फोन खिशातच आहे ना?"

"जागल्यानं माळा सोडू नाई, मास्तर." मीही घरातून खुर्ची आणली.

पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. तळघरात होती, नेटवर्क गेलं होतं, पण पोरगी सुखरूप होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि हा बाबा विचारतो काय, तर "बेटा, टेकडी उत्तरेची का दक्षिणेची?"

ती हसली आणि हसता हसता रडू लागली. "मले नाई माहीत, बाबा. तुम्ही जेवले का?"

त्या हिवाळ्यात काका गेले. खुर्चीतच गेले. विमानं बंद होती. मुलगी पोचली तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. ती फाटकाशी दगडांवर हात ठेवून बसून राहिली. आजीला दुसरं कोणी नाही म्हणून पुन्हा तिकडे गेली, जाताना एक दगड बॅगेत घालून घेऊन गेली.

आता दर रविवारी तिचा फोन मला येतो. "मास्तरकाका, बाबाचे दगड हायेत ना जागेवर?"

आहेत, हे मला ठाऊक असतं. कुठे जाणार ते? तरी मी चपला घालतो, फाटकापर्यंत जातो, डोळ्यांनी पाहतो आणि मगच तिला हो म्हणतो.